शून्यापासून मोजणारं मशीन

धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या राइस मिलची वेबसाइट हे माझं पहिलंच काम. ते बिघडलं असतं तर दुसरं कुणी दिलं नसतं. पोत्यावरच्या लांबलचक कोडमधून तांदळाचं नाव तेवढं कापून दाखवायचं होतं. मी शहाण्याने अक्षरं एकपासून मोजली. कॉम्प्युटर मोजतो शून्यापासून. झालं, प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर गायब!

"चिन्नोर तांदळाचं मुंडकं कायले उडवलं गा?" मिलवाले सेठ ओरडले.

"काका, मशीन पहिल्याला शून्य म्हणते."

"शून्य? धान मोजताना पहिल्या मापाले आमी 'लाभ' म्हणतो, अन् तू माह्या मिलमंदी शून्य बोलून राहिला?"

नावं मी लगेच दुरुस्त केली, पण ते शून्य काढल्याशिवाय सेठ हटेनात. अखेर वैतागून कोडमध्ये त्या शून्याचंच नाव 'लाभ' ठेवलं. सेठनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाले, "आता कर सुरू."