झोप राखणारी

सुलभा गेली तेव्हा मी तिच्याच उशाशी, हॉस्पिटलच्या आरामखुर्चीत झोपलो होतो. भरदुपारी. नर्सनं खांद्याला हात लावून उठवलं, तोवर सगळं संपलं होतं. महिना होत आला. इथे अमेरिकेत, आमच्या बॉथेल गावातली मराठी मंडळी डबे घेऊन येतात, हळूच विचारतात, "शेवटी काही बोलल्या का हो वहिनी?" आणि मी मान हलवून सांगतो, "नाही, शांतपणे गेली." शांतपणे! मला काय ठाऊक कशी गेली ते? तिनं हाक मारली असेल, पाणी मागितलं असेल... मी घोरत होतो. या पुरवणीसाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं, इथे तरी थाप मारायची नाही.

त्यात आणखी कहर बघा, बायकोचं कामच झोपेचं. माझ्या नोकरीपायी पुण्याहून इथे आली, काही वर्षं घरात बसून वैतागली आणि मग एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागली. अंतराळवीरांना नीट झोप का लागत नाही, याचा तिथे शोध चालायचा. वर यानात दीड-दीड तासानं सूर्य उगवतो. शरीरातल्या घड्याळानं कुठली सकाळ खरी मानायची? बिचारे गोळ्या घेऊन झोपतात, आणि अर्धवट झोपेत भलतंच बटण दाबलं गेलं तर? म्हणून इथे जमिनीवरच, बिनखिडकीच्या खोलीत माणसं ठेवून बघायचं. घड्याळ नाही, फोन नाही, दिवे लागणार-विझणार ते लॅबच्या वेळापत्रकानं. आतल्या माणसाला बाहेरची खरी वेळ कळली की प्रयोग बाद. आत जाणाऱ्यानं गुड मॉर्निंगसुद्धा म्हणायचं नाही. सुलभा या नियमांची इतकी पक्की, की घरीही मला "किती वाजले?" विचारू देईना. "भूक लागली की जेव ना यार, घड्याळाला काय विचारतोस!"

आणि नेमका तिच्याच हातून घोळ झाला. डेव्ह नावाचे एक शाळामास्तर सुट्टीत त्या खोलीत राहायला आले होते. बाहेर पडताना ते सहज म्हणाले, "संध्याकाळ मला बरोबर कळायची. सुलभा दिवा लावून हात जोडायची ना!" त्यांच्या शेजारच्या गुजराती घरातली आजी दिवेलागणीला तसंच करायची म्हणे. खोलीतले दिवे कधीही लागोत. पण लावताना बाहेर खरी संध्याकाळ असली, की बाईसाहेबांचे हात आपोआप जुळत. लहानपणापासूनची सवय, तिला पत्ताही नव्हता. मास्तरांचा सगळा डेटा कॅन्सल झाला.

लॅबमधले हसले, साहेबांनी "होतं असं" म्हणून सोडून दिलं. ही मात्र घरी आली ती तोंड लपवूनच. मी म्हटलं, "अगं, मुद्दाम केलंस का? त्यात लाज कसली?" तर अशी उसळली! "मुद्दाम केलं नाही म्हणून त्यांची सुट्टी परत येणार आहे का? माणूस उन्हाचं तोंड न बघता राहिला रे, आमच्या भरवशावर!" शनिवारी बेसनाचे लाडू केले, मला ड्राइव्ह करायला लावलं आणि त्यांच्या दारात उभं राहून सॉरी म्हणाली. ते म्हणतात कसे, "छे, मला तर मस्त आराम मिळाला!" परतताना गाडीत ती आणखीच खट्टू. माफी इतक्या स्वस्तात मिळाली, हेच तिला लागलं होतं. पुढे लॅबमध्ये दिवा लावायची वेळ आली, की ती एक हात कोटाच्या खिशात कोंबूनच आत जायची.

आता मलाही सगळे तेच ऐकवतात. "अहो, इतके दिवस जागलात, डोळा लागणारच. त्यात लाज कसली?" मी मान डोलावतो आणि आतल्या आत चरफडतो. तेव्हा तिला माझा किती राग आला असेल, ते आत्ता कळतंय.

परवा लेक आली, इरा, आईचे कपडे आवरायला. जन्म इथला, मराठी सगळं कळतं, बोलणं अर्धंअधिक इंग्रजीत. आईची शाल ती घडी करत होती, तेव्हा मी सांगून टाकलं. "शांतपणे गेली म्हणालो ना, ते खोटं आहे. मला माहीतच नाही. मी झोपलो होतो." ती म्हणाली, "आय नो, बाबा. नर्सनं सांगितलं मला. शी वॉज गोइंग टू वेक यू. पण आईनं हातानं नको म्हटलं. शी सेड, लेट हिम स्लीप." आणि तिनं मला मिठी मारली. पोरीला वाटलं, बाबाला आता बरं वाटेल. मला एवढंच ऐकू आलं, की सुलभा जागी होती.

बेडरूमला सुलभानं स्वतः शिवलेले जाड काळे पडदे आहेत. इथे उन्हाळ्यात पहाटेच लख्ख उजाडतं, माझी झोपमोड नको म्हणून. इरा म्हणाली काढून टाकू, मी काढू दिले नाहीत. त्या काळोखात मला अजूनही रोज छान झोप लागते... सांगायलाही लाज वाटते.