पाळण्यावरचा माइक

बाबांना गल्लीत सगळे 'कानवाले' म्हणत. माइक, भोंगे, ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. लग्नात माणसं जेवणाला नावं ठेवतात, बाबा स्पीकरच्या खरखरीला ठेवत. आई म्हणायची, "माझं बोलणं सोडून यांना सगळं ऐकू येतं."

माझं बाळ आठव्या महिन्यातच आलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की झोपेत याचा श्वास मध्येच थांबू शकतो. वीस सेकंदांत परत आला नाही, तर तळपायाला टिचकी मारायची. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आठवड्याने मी जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हा बाबा म्हणाले, "दुपारी बारा ते चार तू पलीकडच्या खोलीत झोप. मी खाली दुकानात बसून त्याचा श्वास ऐकतो. ऐकणं हाच माझा धंदा आहे."

बाळाचा आवाज दूर ऐकवणारी बाजारातली बिनतारी यंत्रं त्यांना पटेनात. "शेजाऱ्याचं पोर रडलं तरी ती बोंबलतात." त्यांनी टेबलावर तीन माइक मांडले. जुन्या टेलिफोनमधला लगेच बाद झाला, कारण तो तोंडापाशी धरावा लागे. गायकाचा जाडजूड माइक लांबचं ऐकायलाच तयार नव्हता. कॅसेट रेकॉर्डरमधून काढलेला तिसरा शेंगदाण्याएवढा, पण हातभर अंतरावरून श्वास पकडायचा. तोच पाळण्यावर टांगून त्यांनी तार खाली दुकानातल्या स्पीकरपर्यंत आणली. निवड अचूक होती, हे मी आजही मानते. फक्त त्यात बारीक खरखर होती, आणि ती बाबांना सहन होईना.

मग त्यांनी सभागृहातली युक्ती केली. ठरावीक पातळीखालचा आवाज कापून टाकणारं सर्किट मध्ये जोडलं आणि पातळी बाळाच्या श्वासावरच लावली. त्या दिवशी बाळाला सर्दी होती, नाक घुरघुरत होतं. स्पीकरमधून फक्त तेवढीच घुरघुर येऊ लागली. बाबांनी मला मुद्दाम खाली बोलावून ऐकवलं. मीही खूश झाले, त्याची मला अजून लाज वाटते.

चार दिवसांनी सर्दी गेली. "आज काय शांत झोपलाय," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. नाक मोकळं झाल्यावर श्वास हलका झाला होता, आणि सर्किट तोही खरखरीबरोबर कापत होतं. दोन दुपारी बाबा रिकाम्या स्पीकरसमोर बसून होते. स्पीकर गप्प म्हणजे काम चोख, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं.

तिसऱ्या दुपारी आई धुतलेले कपडे ठेवायला वर गेली. बाळाचे ओठ निळे पडले होते. तिची हाक स्पीकरमधून बाबांना स्वच्छ ऐकू गेली. ते धावत वर आले तोवर मी पाळण्यापाशी पोचले होते आणि आई टिचक्यांवर टिचक्या मारत होती. शेवटी बाळाने आवाज केला, पण ते रडणं म्हणण्यासारखं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत उजेड पाडला, हातपाय हलवून पाहिले.

"वाचलाय," त्या म्हणाल्या. "पुढचं आत्ता सांगता येत नाही. श्वास किती वेळ बंद होता, त्यावर आहे. लक्ष कोण ठेवत होतं?"

"मी ऐकत होतो," बाबा म्हणाले.

"मग किती वेळ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मी झोपले होते.