कंबर बसली म्हणून

आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना सगळे पाठीमागे खांबसाहेब म्हणत. त्यांची कंबर धरली होती. बसलं की कळ थेट मस्तकात जायची, म्हणून ते दिवसभर टेबलापाशी उभेच असत. माणूस मुळात प्रेमळ, पण कळ चढली की तोंडातून एकच शब्द निघे, "नाही." खडू मागा, नाही. रजा मागा, नाही. एकदा मी नमस्कार केला, त्यालाही "नाही" म्हणाले. मी हळू बोललो असेन.

त्या वर्षी वार्षिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर होतं: 'तर्कशास्त्राचा वर्ग चालू ठेवावा का?' वर्ग माझा, विद्यार्थी तीन. प्रश्न उलटा लिहिला असता तर वाचलो असतो, पण हेडक्लार्कला ते सांगणार कोण?

बैठकीच्या दिवशी साहेबांच्या पत्नी गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या आणि नवऱ्याला भिंतीला टेकलेलं पाहून कडाडल्या, "अहो, आडवे पडा की! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"वहिनी, नियमात बैठक लिहिलीय," हेडक्लार्क म्हणाले. "लवंडणूक नाही. अध्यक्ष बसलेच नाहीत तर बैठक कसली? काय हो तर्कशास्त्र, बोला ना."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"आवाज बसतो," मी म्हटलं. "धंदा बसतो. पावसात भिंत बसते. कुणालाच खुर्ची लागत नाही."

"आणि यांची तर कंबरच बसलीय!" वहिनी म्हणाल्या.

हेडक्लार्कनी थोडा विचार करून इतिवृत्तात लिहिलं, 'अध्यक्षांची कंबर बसली असल्याने बैठक ग्राह्य.'

सतरंजी आली. साहेब आडवे झाले. साहेब खाली असताना आपण वर कसं बसायचं, म्हणून आम्ही सगळेच लवंडलो. हळूहळू साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. खडू? हो. रजा? घ्या की. पंखे? दोन लावा.

माझा विषय आला. "तीनच विद्यार्थी? तिवईलाही तीनच पाय असतात. उभी राहते ना? चालू ठेवा वर्ग."

आता सही राहिली. साहेबांनी कागद तोंडावर धरून पेन टेकवलं, पण उलट्या पेनातून शाई उतरेना.

"उठावं लागेल, साहेब," हेडक्लार्क म्हणाले.

उठले की कळ, आणि कळ आली की 'नाही'.

"पालथे व्हा!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं मी वर्गातही कधी बोललो नव्हतो.

वहिनींनी खांदे धरले, मी पाय. साहेब पालथे झाले, त्यांनी सही केली आणि तिथेच घोरू लागले.

कागद हेडक्लार्कनी अलगद काढून घेतला, पण अध्यक्ष उठल्याशिवाय बैठक संपत नाही, म्हणून कुणीच हलेना. तेवढ्यात माझा तास भरला. तिघं शोधत शोधत दारात आले. मी त्यांनाही सतरंजीवर घेतलं आणि दबक्या आवाजात शिकवायला लागलो. मधेच साहेब झोपेत "हो, हो" म्हणाले. मुद्दा त्यांना पटला असावा. तिघांचं मात्र नक्की सांगता येत नाही.