छायाची राखलेली जागा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला सगळं सांगते — गॅस संपल्यापासून मणक्याच्या रिपोर्टपर्यंत. हे मात्र नाही. आज तुम्हाला सांगते.

उल्हासनगरात जीन्स शिवायचं एक युनिट होतं, तिथलं ऑफिस मी सांभाळायचे. हजेरी, पगार, कागदपत्रं. शिलाईला पस्तीसेक बायका. शेठ कागदात लक्ष घालत नसत. काही विचारलं की म्हणायचे, "मॅडम, जो बराबर है वो करो." म्हणजे बघा — माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती.

या बायकांना कामगार म्हणून नोंदवायचं, की ठेक्याने काम घेणाऱ्या म्हणून? प्रश्न माझ्या टेबलावर आला. कामगार म्हटलं की रजिस्टरं, रजा, आजारपण, बाळंतपण. ठेकेदार म्हटलं की एका पानाचा करार आणि सही. मी एका सल्लागाराला विचारलं. त्याने स्वच्छ लिहून दिलं — मशीन तुमचं, जागा तुमची, वेळ तुम्ही ठरवणार, सुट्टी तुम्ही देणार, मग या कामगारच. ते मी वाचलं. समजलंही. आणि दुसऱ्या दिवशी पस्तीस करार छापून आणले.

का? सोपं होतं म्हणून. आणि शेठसमोर हुशार दिसायचं होतं.

बायकांनी हसत सह्या केल्या. "ओ ठेकेदारबाई, आज चहा तुमच्याकडून!" — दिवसभर हीच चेष्टा. छाया सगळ्यात मोठ्याने हसत होती. अंबरनाथच्या बुवापाड्यातून यायची. खिसा लावावा तर तिनेच. ठेकेदार — पण नऊला पाच मिनिटं उशीर झाला तर मी तिला दारात उभं करायचे. ठेकेदार — पण अर्ध्या दिवसाच्या सुट्टीसाठी मला अर्ज. ठेकेदार कधी सुट्टीचा अर्ज करतो का? मला कळत नव्हतं?

मग ती गरोदर राहिली. आठव्या महिन्यात टेबलापाशी आली. तिच्या वहिनीला कुठल्याशा कंपनीत सहा महिने पगारी रजा मिळाली होती.

"मॅडम, आपल्यात तसं असतं का हो?"

असतं. एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी म्हणाले, "अगं, तू कामगार कुठे? तू ठेक्यावाली. तुला रजा कोण देणार?" तिचा चेहरा पडला. तेवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. मी मोठेपणा केला. म्हटलं, "बरं, महिनाभर तुझं मशीन कुणाला देणार नाही. तुझ्यासाठी करते हो, बोलू नकोस कुठे."

तिने माझे दोन्ही हात धरले.

बाळंतपणानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी ती मशीनवर हजर. बाळ घरी, सासूजवळ. दुपारी ती बाथरूममध्ये जायची आणि बेसिनवर वाकून दूध पिळून टाकायची. नळ सोडून ठेवायची, म्हणजे बाहेर कळू नये. एकदा दार नीट लागलं नव्हतं, म्हणून मला दिसलं. मी काय केलं? दार ओढून घेतलं आणि जागेवर येऊन बसले.

पुढे मी ते काम सोडलं. आता बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचं घर आहे. बाल्कनीत मिरच्या येतात. गुडघे सोडले तर तक्रार नाही. झोपही चांगली लागते — उगाच खोटं कशाला सांगू?

छायाचं आणि माझं येणंजाणं आहे. गेल्या महिन्यात लेकीच्या वाढदिवसाला तिने हट्टाने बोलावलं. पोरगी दुसरीत आहे, धीट आहे. छायाने मला पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ह्याच त्या मॅडम. ह्यांनी माझी जागा राखली, नाहीतर कोण राखतं?" सासूबाई म्हणाल्या, "अशी माणसं नशिबानं मिळतात."

सहा महिने छायाच्या हक्काचे होते. त्यातले पाच मी काढून घेतले आणि उरलेला एक, तोही बिनपगारी, तिला उपकार म्हणून दिला. ती त्याचेच आभार मानते आहे, इतकी वर्षं.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हणाले.

केक छान होता. दुसरा तुकडा मी मागून घेतला.