पेरूचं झाड तोडणारी आत्या

खाडीकाठचं आमचं भाताचं शेत बाबांच्या दारूत गेलं. त्यानंतर आत्या, बाबांची थोरली बहीण, केळ्यांच्या पाट्या घेऊन वसईच्या बाजारात बसायची आणि त्यावर आमची चूल पेटायची. संध्याकाळी मात्र ती उंबऱ्यात उभी. भाऊ असो की पाहुणा, पुरुष दिसला की हुकूम सुटायचा, "तोंड उघड." वास आला तर ताट बाहेर ओटीवर. पिणाऱ्याच्या घरचं ती पाणीही घेत नसे.

बाबा हुशार. अंगणातल्या पेरूची पानं चघळून यायचे. "नाय घेतली, बाय! देवाशप्पत!" एकदा आत्याने त्यांना पानं ओरबाडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी फळांनी लगडलेलं झाड तिने स्वतः कुऱ्हाडीने पाडलं. आम्ही पोरं रडलो. ती म्हणाली, "पेरू बाजारात मिलतात. लबाडीला साथ देनारं झाड दारात नको."

बाबा दारूनेच गेले. मला आत्याने शिकवलं. सूक्ष्मजीवशास्त्रात मी पदवी घेतली, घराण्यात पहिली. नोकरी लागली नाशिकला, वाइनच्या गावात नव्याने निघालेल्या छोट्या ब्रुअरीत. काम बिअर बनवण्याचं. फोनवर सांगितलं तर आत्या एवढंच म्हणाली, "येऊन बघते."

एसटीतून उतरली ती स्वतःच्या भाकरीचा डबा घेऊनच. मी समजले.

ब्रुअरीत शिजलेल्या जवाचा वास कोंदला होता. मालक म्हणाला, "मावशी, सरबत आणू?" तिने मानेनेच नको म्हटलं. स्टीलच्या टाक्या नीट पाहिल्या आणि माझ्याकडे वळली.

"तोंड उघड."

मालक हसला, मग तिचा चेहरा पाहून मागे सरकला. बाईमाणसाला तिने हे कधी म्हटलं नव्हतं. माझ्या हाताशी बडीशेपेची वाटी होती. मी वाटीला हात लावला नाही.

"वास येईल, आत्या. सकाळीच चव घेतली. रोज घ्यावी लागते, कामच ते."

ती जवळ आली. हुंगलं. "येतो," म्हणाली.

मग पदर सारखा करत म्हणाली, "तुझ्या बापाने एकदा तरी असं तोंडावर सांगितलं असतं तर!"

माझ्या खोलीवर तिने डबा उघडला, भाकऱ्या माझ्या ताटात ठेवल्या आणि माझ्या पातेल्यातली आमटी स्वतःला वाढून घेतली.

आत्या वारली त्याला आता वर्ष होईल. आज त्या ब्रुअरीची मुख्य मी आहे. आणि आत्या माझ्या घरी जेवली आहे.