आखाड्याची माती

“निंघ वं बाहेर! बाटवला आखाडा!”

मुकादम ओरडला तेव्हा माझ्या हातात बाभळीचा काटा होता. बोटभर लांब. नुकतीच आखाड्याची पूजा झाली होती, नारळ फुटला होता. टोपली आवरून कडेनं बाहेर निघताना मला मातीत तो दिसला. एखाद्या पैलवानाच्या पाठीत घुसला असता. मी आत गेले, काढला. चूक एवढीच.

बुलढाण्याचं ते मोठं मैदान. पोलिसांची कवायत तिथे, गोऱ्या साहेबाचा झेंडा तिथे, शाळांच्या शर्यती, गुरांचं प्रदर्शन, सभा, आणि वर्षातून एकदा कुस्त्यांची दंगल. रोहिणखेडचे मुसलमान पैलवान येत, वरवट बकालचे कुणबी येत. एकाच मातीत लोळत, एकमेकांच्या अंगाला माती चोळत. बसायला चहूबाजूंनी उंच बांध. तो आमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बायांनी टोपल्या वाहून घातलेला. त्यावर आम्हाला जागा नव्हती. आम्ही बाहेर, लिंबाखाली. कोण पडला ते आरोळीवरून ओळखायचं.

आखाड्याची मातीही आम्हीच करायचो. आठ दिवस चाळायची, खडे वेचायचे, ताक, तेल, हळद घालून पायांनी तुडवायची. तोवर आमचे पाय चालायचे. नारळ फुटला की सावलीही चालत नसे.

दंगलीचे पुढारी देशमुख. ते खुर्चीवरून उठलेही नाहीत. “हिच्याच हातानं वरची वीतभर माती काढा. दुसरी टाका.”

बांधावरून कोणी ओरडलं, “पैलवानीन आली बे! लावा जोड!” सगळा बांध हसला.

मी माती काढली. पस्तिशीची बाई, एवढ्या माणसांसमोर ओणवी. टोपल्यामागून टोपलं. रडू आलं नाही. फार थकले होते.

मग मुकादमानं नव्या मातीचा ढीग दाखवला. “चाल, तुडव लवकर. पैलवान खोळंबले.”

“कायनं तुडवू?”

“पायानं. अजून कायनं?”

“याच पायानं?”

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं.

“मंग हेबी बाटन. तुम्हीच तुडवा, भाऊ.”

“लय बोलाले लागली वं! उद्यापासून कामाले येऊ नको.”

“उद्या काऊन? आताच चालली.”

टोपलं खाली ठेवलं. सोबतच्या सहा बायांपैकी दोघी माझ्यामागे आल्या. चौघी राहिल्या. त्यांच्या घरी खाणारी तोंडं होती, मी दोष देत नाही. त्या चौघींनी माती तुडवली आणि दंगल झाली. आमच्यावाचून काही अडलं नाही, हेही सांगून टाकते.

याला दहा वर्षं झाली. मैदानाचं काम मला पुन्हा मिळालं नाही. लोकांच्या शेतात निंदण करते. कंबर गेली आहे.

परवा तोच मुकादम दारात आला. मैदानावर जिल्ह्याचे खेळ आहेत, बांध खचला आहे, बाया पाहिजेत. मी म्हटलं, बाया देते. आधी त्या बांधावर आमची बसायची जागा दाखवा. तो हसून निघून गेला.

खेळांच्या दिवशी मी सकाळीच जाऊन बसणार आहे. लिंबाखाली नाही. बांधावर, देशमुखांच्या खुर्चीसमोर. उठवायचं असेल तर त्यांना मला हात लावावा लागेल.