आभाराचा फ्लेक्स

आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता खड्ड्यांचा होता तोवर आई एकटी विहारात जायची. तो काँक्रीटचा झाला आणि सगळं बिघडलं. ज्या रस्त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं बोंबलत होतो तो मिळाला, आणि बदलापूर गावाकडे जाणाऱ्या गाड्या त्यावरून अशा सुटायला लागल्या की गेटबाहेर पाय टाकायच्या आधी दोन्हीकडे बघून बघून मान अवघडायची. खड्डे होते तेच बरं होतं, असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा म्हणालो. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

विहार रस्त्याच्या पलीकडे आहे, पिठाच्या गिरणीच्या मागे. आई रोज संध्याकाळी तिथे वंदनेला जायची. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत मेणबत्त्यांचं पाकीट, अगरबत्ती आणि थोडी फुलं. वडील गेल्यापासून तिचं स्वतःचं असं एवढंच उरलं होतं. स्वयंपाकघर तिच्या सुनेकडे गेलं, नातवंडं मोबाइलमध्ये गेली, आणि टीव्हीवरच्या बायका तिला भांडखोर वाटतात. विहारात मात्र तिला विचारल्याशिवाय पौर्णिमेच्या खिरीत साखर पडत नसे. ती मूळची जांभूळ गावची. लहानपणी तिथून बदलापूरच्या बाजाराला पायी यायची, हे ती अजून ऐकवते. मी कधी म्हणालो की चल, सोडतो पलीकडे, तर म्हणायची, “मी काय आंधळी झाले का? तू चहा पी.”

मी चहा प्यायचो. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. बाइकने जातो, बाइकने येतो. सकाळी निघतो तेव्हाच दमलेला असतो, आणि संध्याकाळपर्यंत तो दमलेपणा फक्त शिळा होतो. त्यामुळे कुणी चहा पी म्हटलं की मी वाद घालत नाही.

मग शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना गेटसमोरच एका बाइकवाल्याने उडवलं. त्यांचा खुबा मोडला आणि लोक जागे झाले. बायका गिरणीपाशी रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसल्या. आई सगळ्यात पुढे होती, कारण तिला नीट ऐकू येत नाही म्हणून ती नेहमीच सगळ्यात पुढे बसते. अर्ज झाले, सह्या झाल्या, आणि चक्क काही महिन्यांनी वेगमर्यादेचे बोर्ड लागले, त्यावर तीसचा आकडा, आणि गेटच्या जरा अलीकडे एका उंच खांबावर कॅमेरा बसला. आमच्याकडे मागितलेली गोष्ट मिळायची सवय नसल्यामुळे आम्ही सगळे थोडे गोंधळलोच.

कॅमेरा चालत होता. पहिल्या काही दिवसांतच लोकांच्या मोबाइलवर चलान यायला लागली आणि रस्ता ताळ्यावर आला. मोठा आवाज करणारे बुलेटवालेसुद्धा खांबाच्या अलीकडे एकदम सज्जन व्हायचे. आई संध्याकाळी पिशवी घेऊन निघायची, मधल्या दुभाजकावर थांबून श्वास घ्यायची आणि आरामात पलीकडे जायची. मी गॅलरीतून बघायचो आणि मला खरंच बरं वाटायचं. एखादी गोष्ट व्यवस्थित चालली आहे हे बघण्यात केवढा आराम असतो, ते मी विसरलो होतो.

पण आमच्याकडे काहीही झालं की फ्लेक्स लागतो. नळाला पाणी आलं, फ्लेक्स. गटारावर झाकण बसलं, फ्लेक्स. कुणाचा मुलगा दहावीला पास झाला, फ्लेक्स. मग कॅमेऱ्याचा कसा राहील? निवडणुकीच्या तयारीत असलेले आमच्या भागातले एक पुढारी आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात आणि प्रत्येक फ्लेक्सवर त्यांच्या नावाखाली ‘भावी नगरसेवक’ असं छापलेलं असतं. भावी होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. कॅमेरा त्यांनी आणला की तो येणारच होता, हे कुणाला माहीत नाही. तरी आभार त्यांचेच मानायचे असं ठरलं, कारण उद्या पाण्याचा टँकर लागला तर फोन त्यांनाच करायचा असतो.

फ्लेक्स करून आणायला सोसायटीचे सेक्रेटरी आणि मी रविवारी उल्हासनगरला गेलो, कॅम्प एकमध्ये. छपाईवाला सिंधी शेठ कॉम्प्युटरसमोर बसून सामोसा खात होता. त्याला मजकुरात काडीचा रस नव्हता. त्याचा एकच प्रश्न होता.

“साईं, सबसे बड़ा फोटो किसका?”

“भाऊंचा,” सेक्रेटरी म्हणाले. “खाली कमिटीचे छोटे छोटे. आणि कोपऱ्यात या आजी. रस्त्यावर बसल्या होत्या त्या.”

शेठने आईचा फोटो मोठा करून बघितला. माझ्या मावसभावाच्या लग्नातला होता, मीच मोबाइलमधून दिलेला. “माताजी को बड़ा रखो ना. पब्लिक को अच्छा लगता है.”

सेक्रेटरी घाबरले. “नको नको. भाऊंपेक्षा मोठा नको.”

शेठने खांदे उडवले, आईला कोपऱ्यात ठेवलं, आणि जाता जाता कुणी न सांगता तिचा चेहरा चांगला दोन छटा उजळ करून टाकला. फ्लेक्स बघून आई म्हणाली, “ही कोण गोरी बाई?” पण तिला तो आवडला होता. रस्ता ओलांडून आली की गेटपाशी थांबून ती एकदा वर बघायची. घरातल्या भिंतीवरसुद्धा तिचा एकटीचा फोटो कधी लागलेला नाही, त्यामुळे मी तिला हसलो नाही.

भाऊंच्या कार्यकर्त्यांनी तो थेट कॅमेऱ्याच्या खांबालाच बांधला. ज्याच्याबद्दल आभार, त्यालाच टांगलेले. यात कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. खाली शिडी मीच धरली होती.

त्यानंतर गाड्या पुन्हा पळायला लागल्या. एकदम नाही, हळूहळू. आधी गावातली पोरं, मग रिक्षा, मग रेतीचे डंपर. कुणाच्याच मोबाइलवर काही येईना, तेव्हा लोकांनी ओळखलं. सेक्रेटरी म्हणाले, “बंद पडला असेल. सरकारी वस्तू, किती दिवस चालणार?” सगळ्यांना हे पटलं. वस्तू बंद पडली हे ऐकायला आम्ही कायम तयार असतो.

एका सकाळी मी गॅलरीत टॉवेल वाळत घालत होतो. आमचा तिसरा मजला, म्हणजे खांबाच्या टोकाच्या जवळपास बरोबरीचा. फ्लेक्सच्या वरच्या कडेला लावलेली बांबूची चौकट मला पहिल्यांदाच नीट दिसली. खालून बघताना वाटायचं की कॅमेरा फ्लेक्सच्या वर आहे. तो वर नव्हता, फ्लेक्सच्या मागे होता. त्याच्या डोळ्यासमोर भाऊंचा फेटा होता. रस्त्यावरून गाडी जावो, हत्ती जावो, त्याला रात्रंदिवस फक्त आमचे आभार दिसत होते. मला हसू आलं नाही. राग आला, आणि कामाला उशीर होत होता म्हणून तो तसाच घेऊन मी निघालो.

सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं. “बरोबर आहे तुमचं. पण भाऊंचा फोटो आहे. हात कोण लावणार?” मी भाऊंच्या ऑफिसात गेलो. तिथल्या पोराने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दादा, दिवाळीपर्यंत राहू द्या ना. मग आपण शुभेच्छांचा नवीन लावतोच आहे.” कुठे लावणार, हे मी विचारलं नाही. अनधिकृत फ्लेक्स काढणारे आले तेव्हा त्यांनी एका क्लासची जाहिरात काढली, एका डोळ्यांच्या शिबिराची काढली, आमच्या खांबाकडे मान वर करून बघितलं आणि गाडीत बसून निघून गेले. मग मीही सोडून दिलं. दिवसभर कारखान्यात लोकांशी घासाघीस केल्यावर घरी येऊन भांडायला अंगात काही उरत नाही. आईला तेवढं सांगितलं, जपून जा. ती म्हणाली, “जपूनच जाते.”

एक दिवस घरी आलो तर ती पलंगावर बसलेली होती आणि बायको तिच्या कोपराला हळद लावत होती. दुभाजकापासून पुढे निघताना एक बाइक तिच्या पिशवीला घासून गेली होती. पिशवी उडाली, मेणबत्त्या रस्त्यावर पसरल्या, आणि आई तिथेच खाली बसली. गिरणीवाल्याने धावत येऊन तिला उठवलं. बाइकवाला लांब जाऊन मागे वळून ओरडला होता, “ए अम्मा, मरना है क्या?”

“कुणी पाडलं नाही मला,” आई म्हणाली. “मीच बसले.”

त्यानंतर ती गेली नाही. आधी कोपर दुखत होतं. मग गुडघा. मग कुणीतरी पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. संध्याकाळी ती घरातल्याच बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसायची आणि पलीकडून लाउडस्पीकरवर वंदना सुरू झाली की तिच्या मागोमाग पुटपुटायची. ऐकू कमी येत असल्यामुळे तिची वंदना विहाराच्या नेहमी थोडी मागे पडायची. पौर्णिमेला कुणीतरी खिरीचा डबा आणून दिला. खीर भयंकर गोड झाली होती. आईने एक चमचा खाल्ला, झाकण लावलं आणि म्हणाली, “चांगली आहे, मुलांना दे.” मला ते सहन झालं नाही. ती ओरडली असती, साखर कुणी टाकली म्हणून चिडली असती, तर मला चाललं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी सोसायटीची शिडी काढली. मागे चपलांचा आवाज आला म्हणून बघितलं, तर आई जिना उतरून आली होती.

“तुझाही फोटो जाईल,” मी म्हणालो.

“जाऊ दे. गोरी करून ठेवली होती मला उगाच. शिडी घट्ट लाव आधी.”

मी दोऱ्या कापल्या. फ्लेक्स धप्पकन खाली आला आणि त्याखालून एवढ्या महिन्यांची धूळ उडाली. चहाच्या टपरीवर बसलेला भाऊंचा एक कार्यकर्ता ग्लास हातात घेऊनच आला. “कोणाला विचारून काढला, दादा?”

मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. “मला विचारून. माझा पण फोटो होता त्यावर.”

त्याने ग्लासातला चहा एका घोटात संपवला. “बरं, आजी,” म्हणाला आणि कुणाला तरी फोन लावत निघून गेला. फ्लेक्स गिरणीवाल्याने मागितला. त्याच्या पत्र्याला गळती होती.

आठवडाभरात चलान पुन्हा सुरू झाली. पहिलं सेक्रेटरींना आलं. मग कमिटीतल्या आणखी दोघांना. फ्लेक्स काढायचं ठरलं तेव्हा सगळ्यांशी बोलायला हवं होतं, असं आता ते जिन्यात मला ऐकू येईल एवढ्या आवाजात एकमेकांना सांगतात. मला कुणी सरळ काही बोलत नाही. दिवाळीचा फराळही या वर्षी आमच्याकडे कमी घरांतून आला. बरंच झालं म्हणायचं, परतीची ताटं भरायचं काम वाचलं.

रस्ता मात्र पुन्हा सुधारला. मी मुद्दाम अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि आईला म्हणालो, बघ, गाड्या हळू जातायत, आज जाऊन ये. ती लगेच तयार झाली. सोबत येऊ का, विचारलं तर पूर्वीसारखंच म्हणाली, “तू चहा पी.” मी कप घेऊन गॅलरीत उभा राहिलो.

ती गेटपाशी आली. गाड्या खरंच सावकाश जात होत्या. एक रिक्षावाला तर थांबला आणि त्याने हाताने खूण केली, जा आजी. आईने एक पाऊल खाली टाकलं आणि परत वर घेतलं. रिक्षावाला थोडा थांबून निघून गेला. मग एक कार थांबली, तीही गेली. रस्ता पूर्ण रिकामा झाला तेव्हाही ती तशीच उभी होती, पिशवी छातीशी धरून. चहा निवला. मी वरून हाक मारली नाही. मारून काय सांगणार होतो? मग ती वळली.

वर आल्यावर ती चपला काढत म्हणाली, “गाड्यांचं काही नाही रे. माझेच पाय उठत नाहीत आता.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “कामावरून लवकर आलास, तर नेशील का?”

एवढ्या वर्षांत तिने मला कुठे नेशील का म्हणून विचारलेलं मला आठवत नाही.

नेईन म्हणालो. काही वेळा नेलंही. रस्ता ओलांडताना ती माझं मनगट इतकं घट्ट धरते की नखं रुततात. पण कारखान्यात कधी बॅच अडकते, कधी ऑडिटवाले बसून राहतात, आणि अंबरनाथपासून इकडे आता जागोजागी कॅमेरे बसलेत, त्यामुळे बाइक हाणताही येत नाही. मी जिना चढतो तेव्हा पलीकडचा लाउडस्पीकर बंद झालेला असतो. आई पांढरी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसलेली असते. “उद्या जाऊ,” ती म्हणते, पिशवीतली फुलं काढून पाण्यात ठेवते, आणि साडी बदलायला आत जाते.